एफ १२५: लाल समुद्र टाळून गेलेली जर्मन फ्रिगेट नेमकी कशासाठी बांधली होती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये एफ १२५ वर्गाची जर्मन फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) ‘बाडेन-वुर्टेम्बर्ग’ गोव्यात मुरगावला आली होती. जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर शोल्त्स स्वतः तिच्यावर जाऊन आले. दीडशे मीटर लांबीचं, सात हजार टनांचं, जेमतेम पाच वर्षं सेवेत असलेलं जहाज. तरीही परतीच्या वाटेवर जर्मन संरक्षण मंत्रालयाने तिला येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे धोक्याच्या झालेल्या लाल समुद्रातून न नेता आफ्रिकेला वळसा घालून नेलं. मग इतका पैसा ओतून जर्मनांनी बिनकामाचं जहाज बांधलं का? आणि आता त्यात क्षेपणास्त्रं बसवून ते सुधारता येईल का?

मी युद्धनौकांच्या हल (जहाजाचं मुख्य धड) आणि आउटफिटिंगच्या (आतली यंत्रणा, पाइप, केबल बसवण्याच्या) कामात बराच काळ घालवला आहे, म्हणून बांधणीच्या बाजूने उत्तर देतो. जहाज बिनकामाचं नाही. ज्या कामासाठी मागवलं त्या कामाला ते चांगलं आहे. ते काम काय होतं हे नीट पाहिलं तर वळसा का घालावा लागला ते आपोआप कळतं.

एफ १२५ वर्गाच्या चार नौकांचं कंत्राट जून २००७ मध्ये झालं. थायसेनक्रुप मरीन सिस्टिम्स आणि ल्युर्सन यांची भागीदारी होती. तेव्हाचं जर्मन नौदल कुठे होतं ते आठवा. शीतयुद्ध संपून दीड दशक झालं होतं. बाल्टिकमध्ये सोव्हिएत पाणबुड्या शोधायचं काम संपलं असं सगळ्यांनी धरलं होतं. जर्मन जहाजं लेबनॉनच्या किनाऱ्यावर आणि आफ्रिकेच्या शिंगापाशी, म्हणजे सोमालियाच्या बाजूला, गस्त घालत होती. विल्हेल्म्सहाफेनहून एडनच्या आखातापर्यंत जायचं, काही महिने गस्त घालायची, परत यायचं, मग दुसरं जहाज पाठवायचं. जाण्यायेण्यातच आठवडेच्या आठवडे जायचे आणि एक जहाज तिथे ठेवायला मागे आणखी दोन-तीन लागायची.

म्हणून नौदलाने मागणी अशी ठेवली: जहाज एकदा गेलं की दोन वर्षांपर्यंत तिकडेच राहिलं पाहिजे. वर्षाला पाच हजार तास चाललं पाहिजे. खलाशी दर चार महिन्यांनी विमानाने बदलायचे, जहाज हलवायचं नाही. चार जहाजांना आठ क्रू.

वाचायला सोपं वाटतं, पण वर्षाचे तास ८,७६० असतात. पाच हजार तास म्हणजे जहाज निम्म्याहून जास्त वेळ चालतं आहे, तेही मायदेशाच्या गोदीपासून हजारो मैलांवर. ही एक ओळ आराखड्याच्या प्रत्येक कागदावर उमटते. प्रत्येक पंपाला जोडीदार पंप लागतो. प्रत्येक मशीन जागेवरून काढून बाहेर नेता येईल अशी वाट ठेवावी लागते. सुट्या भागांना जागा लागते. रंग असा लागतो की दोन वर्षं खाऱ्या, गरम पाण्यात टिकेल. माणसं महिनोन्‌महिने राहणार, म्हणून दाटीवाटीच्या बराकी चालत नाहीत, केबिन लागतात. हे सगळं टन आणि घनमीटर खातं. जहाज सात हजार टनांचं का झालं याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. ज्या ब्रेमेन वर्गाच्या जागी ही जहाजं आली, ती याच्या साधारण निम्म्या वजनाची होती.

त्यात दुसरी अट आली माणसांची. ब्रेमेन वर्गाला दोनशेहून जास्त माणसं लागायची, एफ १२५ला मूळ क्रू सुमारे १२० ठेवला. बाकीच्या जागा हेलिकॉप्टरवाल्यांना आणि पन्नासेक कमांडो किंवा नौसैनिकांना. जहाज दुप्पट आणि माणसं निम्मी! हे ऑटोमेशनशिवाय होत नाही. आग लागली तर हातात होज घेऊन धावायला माणसं कमी, म्हणून विझवण्याची यंत्रणा नियंत्रण कक्षातून चालवता आली पाहिजे. हजारो सेन्सर, त्यांच्या केबल, त्या केबलचे ट्रे, त्या ट्रेचे ब्रॅकेट. माणूस कमी केला की पोलाद, तांबं आणि सॉफ्टवेअर वाढतं. गोदीत काम केलेल्या कोणालाही हे पटेल. खर्च पगारातून उठतो आणि बांधणीत जाऊन बसतो.

तिसरी गोष्ट मला या आराखड्यात सगळ्यात आवडते, ती म्हणजे दोन बेटांची रचना. सुपरस्ट्रक्चर, म्हणजे डेकवरचं बांधकाम, एकसंध न ठेवता पुढे एक आणि मागे एक असे दोन वेगळे मनोरे उभे केले आहेत, आणि महत्त्वाची यंत्रणा दोघांत वाटली आहे. रडारचे चार स्थिर पटल आहेत, तेही दोन मनोऱ्यांवर विभागलेले. एका ठिकाणी आघात झाला किंवा आग लागली तरी दुसऱ्या बेटावरून जहाज चालवता यावं, संपर्क राखता यावा आणि घरी परतता यावं. मदतीला येणारं दुसरं जहाज हजार मैल लांब असतं तेव्हा ही सोय फार मोलाची असते. आधीच्या साक्सेन वर्गात जर्मनांनी दुहेरी बल्कहेड (जहाजाच्या आतल्या पोलादी भिंती) आणि डेकखालून लांबीभर जाणारे पेटी-गर्डर वापरले होते, म्हणजे मार खाऊनही हल मोडू नये. टिकून राहण्याचा हा आग्रह त्यांच्याकडे जुना आहे.

प्रॉपल्शनही त्या एका मागणीतून आलं आहे. पंखे फिरवणारे दोन शाफ्ट, प्रत्येकावर साधारण ४.७ मेगावॉटची विद्युत मोटर. मोटरींना वीज देणारे चार डिझेल जनरेटर. आणि जोराने पळायचं असेल तेव्हा २० मेगावॉटचं एक एलएम २५०० गॅस टर्बाइन, जे गिअरबॉक्समधून दोन्ही शाफ्ट फिरवतं. आता ढोबळ हिशोब करा. जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. कमाल वेग २६ नॉट, त्याला मोटरी आणि टर्बाइन मिळून २९ मेगावॉट. मग १८ नॉटला किती? १८ भागिले २६, त्याचा घन केला की एक तृतीयांश येतो, म्हणजे साडेनऊ-दहा मेगावॉट. दोन मोटरींची बेरीज ९.४. म्हणजे गस्तीच्या वेगाला टर्बाइनला हात लावायची गरजच नाही. जनरेटर आपल्याला सोयीच्या भारावर चालत राहतात, एकाची दुरुस्ती चालू असली तरी बाकीचे तीन जहाज ओढतात. टर्बाइनचे तास वाचतात. दोन वर्षं बाहेर राहायचं असेल तर याहून शहाणी मांडणी मला तरी सुचणार नाही.

शस्त्रंही त्याच कामासाठी निवडली. पुढे १२७ मिलिमीटरची तोफ, किनाऱ्यावर मारा करायला. लहान बोटींनी गर्दी केली तर दुरून चालवता येणाऱ्या २७ मिलिमीटरच्या दोन तोफा आणि जड मशीनगन. चार वेगवान बोटी, दोन हेलिकॉप्टर. जहाजविरोधी आठ क्षेपणास्त्रं. आणि हवेतून येणाऱ्या धोक्यासाठी रॅम क्षेपणास्त्रांचे दोन लाँचर, प्रत्येकी २१ क्षेपणास्त्रांचे. रॅम हे जवळच्या पल्ल्याचं, स्वतःपुरतं संरक्षण आहे. दूरवर मारा करणाऱ्या विमानभेदी क्षेपणास्त्रांसाठी लागणाऱ्या उभ्या नळ्या या जहाजात नाहीत. पाणबुडी शोधणारा हलखालचा सोनारही नाही. विसरले म्हणून नाही, समजून उमजून वगळलं. ज्या समुद्री चाच्यांशी गाठ पडेल असं धरलं होतं, त्यांच्याकडे ना पाणबुडी असते ना बॅलिस्टिक क्षेपणास्त्र.

आता बांधणीकडे येतो, कारण या जहाजाची खरी बदनामी तिथून सुरू झाली.

पुढचा भाग ल्युर्सनच्या गोद्यांत आणि मागचा हॅम्बुर्गला ब्लोम उंड फॉसमध्ये, असं काम वाटलं होतं. पुढचा भाग टग लावून पाण्यातून हॅम्बुर्गला आणायचा आणि डॉकमध्ये दोन्ही जोडायचे. जर्मन गोद्यांत या जोडणीला ‘लग्न’ म्हणतात. असं काम ज्याने केलं आहे त्याला त्यातला ताण माहीत असतो. वेल्डिंगने प्लेट आखडते, प्रत्येक सेक्शन आराखड्यापेक्षा थोडा वेगळा निघतो, म्हणून जोडाच्या ठिकाणी जास्तीचं पोलाद ठेवतात आणि मोजून मग कापतात. मोजमाप करायचं ते पहाटे, ऊन चढायच्या आत. पन्नास मीटर लांबीच्या पोलादाला वीस अंशांचा फरक पडला तर ते बारा मिलिमीटरने लांबतं, आणि उन्हाची बाजू लांबली, सावलीची नाही, तर अख्खा भाग केळ्यासारखा किंचित वाकतो. दुपारी मोजून कापलेला जोड रात्री उघडा पडतो. दोन वेगळ्या गोद्या म्हणजे दोन वेगळ्या सवयी, दोन फोरमन, दर्जा तपासणारी दोन खाती. केबल इकडून आली आणि पाइप तिकडून, ते डेकखाली एका बिंदूवर भेटले पाहिजेत.

पहिल्या जहाजाचं पोलाद मे २०११ मध्ये कापलं, डिसेंबर २०१३ मध्ये नामकरण झालं. या काळात एक कटकट उद्भवली: आगरोधक लेप सुटायला लागला. बाहेरच्या माणसाला वाटेल, रंगच तो, खरवडून पुन्हा लावा. पण आतल्या बल्कहेडवर लेप लागला की मागोमाग इन्सुलेशन चढतं, मग पाइप, डक्ट, केबल ट्रे. लेप काढायचा म्हणजे वरचं सगळं उतरवायचं. सँडब्लास्टिंगची धूळ शेजारच्या तयार कंपार्टमेंटमध्ये जाऊ नये म्हणून ते सील करायचं. हॉट वर्कच्या (वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या) परवान्यांची रांग लागते. एका कंपार्टमेंटमध्ये एका वेळी एकच ट्रेड काम करू शकतो, पेंटर आत असताना वेल्डर बाहेर. असे महिने हां हां म्हणता जातात.

मग आलं वजन. २०१७ मध्ये सागरी चाचण्यांनंतर बातम्या आल्या की जहाज ठरल्यापेक्षा जड आहे आणि उजवीकडे १.३ अंश कललं आहे. जगभर हसू झालं. १.३ अंश म्हणजे किती? जहाज १८.८ मीटर रुंद आहे. एवढ्या कलाने डाव्या आणि उजव्या बाजूच्या पाण्याच्या रेषेत साधारण ४३ सेंटिमीटरचा फरक पडतो. धक्क्यावर उभं राहून नुसत्या डोळ्यांना दिसतो. पण त्यामागचं वजन किती असेल? जहाजाची स्थिरता मोजायचा जो आकडा असतो, मेटासेंट्रिक उंची, तो अशा जहाजाला दीड मीटर धरला तर हिशोब सुमारे २४५ टन-मीटर येतो. म्हणजे मध्यरेषेपासून आठ मीटरवर तीसेक टन जास्त. सात हजार टनांच्या जहाजात तीस टन! अर्धा टक्कासुद्धा नाही. एका बाजूला जड स्विचबोर्ड गेले, केबलचे मुख्य मार्ग त्याच बाजूने नेले, एक टाकी सरकवली, की तीस टन कुठे गेले ते कळतही नाही. जहाज यामुळे धोकादायक होत नाही. पण कल काढायला दुसऱ्या बाजूला बॅलास्ट (तोल साधायचं वजन) भरलं तर एकूण वजन आणखी वाढतं, आणि तेच वजन पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत नवी यंत्रणा बसवायला राखून ठेवलेलं असतं. खरं नुकसान ते.

वजन गळतं कुठे हे सांगण्यासारखं आहे. आठ मिलिमीटरची प्लेट मागवली तरी मिलमधून किंचित जाड येते. वेल्डचं धातू, रंगाचे थर, फरशीखालचा भराव, आराखड्यात न दाखवलेले ब्रॅकेट. विक्रेत्याने कॅटलॉगमध्ये दिलेलं वजन पाया, तेल आणि आतलं पाणी सोडून असतं. सगळ्याची सोंगं आणता येतात, वजनाचं आणता येत नाही. म्हणून चांगल्या गोदीत वजनाचा वेगळा विभाग असतो आणि गेटमधून आत येणारी वस्तू काट्यावर चढते.

शेवटी खरं काय ते झुकाव चाचणी सांगते. मला या चाचणीबद्दल विशेष जिव्हाळा आहे. शांत पाणी, वारा पडलेला, बहुतेकदा भल्या पहाटे. दोर सैल सोडतात, शिडी उचलतात, नको असलेली माणसं खाली उतरवतात. टाक्या एक तर पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या, कारण अर्धवट टाकीतलं पाणी डुचमळून आकडे बिघडवतं. आत उंचावरून लांब ओळंबा सोडतात, त्याचं टोक तेलाच्या पिंपात बुडवतात म्हणजे ते थरथरत नाही. मग डेकवरची मोजलेली वजनं क्रेनने एका बाजूकडून दुसरीकडे नेतात आणि ओळंबा पट्टीवर किती सरकला ते वाचतात. काही मिलिमीटरच असतात. त्या मिलिमीटरांवरून अख्ख्या जहाजाचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे ते निघतं. आता डिजिटल इन्क्लिनोमीटर आले आहेत, तरी जुनी माणसं ओळंबा लावल्याशिवाय सही करत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

२०१७च्या अखेरीस जर्मन खरेदी यंत्रणेने जहाज ताब्यात घ्यायला नकार दिला आणि ते गोदीकडे परत गेलं. कल हे त्यातलं दिसणारं कारण होतं. जास्त गंभीर अडचण हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरची होती. १२० माणसांत जहाज चालवायचं तर ऑटोमेशन शंभर टक्के चाललं पाहिजे. तेच लंगडत असेल तर ताब्यात घेऊन काय करणार? हा नकार योग्यच होता असं माझं ठाम मत आहे. उद्घाटनाची तारीख ठरली आहे म्हणून अर्धवट जहाजावर झेंडा चढवणं जगभर चालतं, आणि नंतर त्याची किंमत खलाशी मोजतात. जर्मनांनी लाज सहन केली. १७ जून २०१९ला ‘बाडेन-वुर्टेम्बर्ग’ सेवेत आली. मागोमाग ‘नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन’ २०२०, ‘साक्सेन-आनहाल्ट’ २०२१ आणि ‘ऱ्हाइनलांड-फाल्त्स’ २०२२.

मात्र कंत्राट २००७चं आणि चौथं जहाज २०२२चं. या पंधरा वर्षांत रशियाने २०१४ला क्रिमिया बळकावलं, २०२२ला युक्रेनवर चढाई केली आणि २०२३च्या शेवटी हूथींनी लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं डागायला सुरुवात केली, त्यात जहाजविरोधी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रंही होती. एफ १२५ला प्रश्न विचारला गेला होता चाच्यांचा. समोर उभं राहिलं हे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय मोहिमेत जर्मनीने लाल समुद्रात जे जहाज पाठवलं ते ‘हेसेन’, साक्सेन वर्गाचं, एफ १२५पेक्षा लहान आणि जुनं. पण त्याच्याकडे ३२ उभ्या नळ्या आणि दूरचं पाहणारं रडार आहे, कारण ते मुळातच हवाई संरक्षणासाठी बांधलं होतं. त्याने तिथे ड्रोन पाडले. एफ १२५ तिथे गेलं असतं तर रॅमवर भिस्त ठेवून गेलं असतं, म्हणजे क्षेपणास्त्र अगदी जवळ आल्यावर एक संधी. शिवाय ‘बाडेन-वुर्टेम्बर्ग’सोबत ‘फ्रांकफुर्ट आम माइन’ हे पुरवठा जहाज होतं. स्वतःचं रक्षण कसंबसं झालं असतं, पण शेजारच्या जहाजाचं करता आलं नसतं. वळसा घालायचा निर्णय लाजिरवाणा दिसला तरी मला तो जबाबदारीचा वाटतो.

आपल्याकडच्या वाचकाला तुलना सोपी पडेल. माझगाव डॉकने बांधलेली ‘निलगिरी’ जानेवारी २०२५ मध्ये सेवेत आली. लांबी १४९ मीटर, वजन सुमारे ६,७०० टन, म्हणजे आकाराने जवळजवळ जुळी बहीण. पण तिच्यात हवाई संरक्षणाची ३२ बराक क्षेपणास्त्रं, आठ ब्रह्मोस आणि सोनार आहे, आणि क्रू सव्वादोनशेच्या घरात. तेवढ्याच टनांत एकीने शस्त्रं आणि माणसं भरली, दुसरीने दोन वर्षांची दमसास भरली. कोण श्रेष्ठ हे ठरवायच्या आधी नौदलाने मागितलं काय होतं ते विचारा.

आता शेवटचा भाग: नळ्या बसवता येतील का? पोलाद कापून काहीही बसवता येतं. पण अशी एक नळी सात मीटरांच्या आसपास उंच असते, म्हणजे दोन-अडीच डेक छेदून खाली उतरते. त्या जागी आज जे काही आहे, केबिन, केबल, डक्ट, ते हलवावं लागेल. डेक मोठा कापला की हलची ताकद कमी होते, ती भोवती जाड प्लेट घालून भरून काढायची. भरलेल्या क्षेपणास्त्रांचं वजन वरच्या भागात येतं, गुरुत्वमध्य वर सरकतो. आणि जहाज आधीच जड आहे. रडार ही त्यातल्या त्यात जमेची बाजू: बसवलेलं रडार आधुनिक आहे, लक्ष्य पाहू शकतं. खरा खर्च युद्ध-प्रणालीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ते पुन्हा प्रमाणित करण्यात जाईल. माझ्या हातात असतं तर मी मोठ्या नळ्यांच्या फंदात पडलो नसतो. डेकवर बसणारी, स्वतःचा लाँचर घेऊन येणारी मध्यम पल्ल्याची यंत्रणा आणि ड्रोनसाठी त्या १२७ मिलिमीटर तोफेला चांगला दारूगोळा, इथपर्यंत थांबलो असतो.

जर्मन नौदलाने पुढच्या एफ १२६ वर्गात नळ्या घेतल्या आहेत. जहाज १६६ मीटरांचं आणि दहा हजार टनांच्या पुढचं झालं आहे, डिसेंबर २०२३ मध्ये वोल्गास्टला पोलाद कापायला सुरुवात झाली. त्यातही काम अडलं, ते डच डिझाइन कार्यालय आणि जर्मन गोद्या यांच्यात आराखड्यांचा डेटा नीट पोचत नव्हता म्हणून. एफ १२५मध्ये दोन गोद्यांत वाटलेलं काम इथे दोन देशांत वाटलं होतं, आणि थ्रीडी मॉडेलमधून वर्कशॉपचे ड्रॉइंग वेळेवर निघाले नाहीत की प्लेट कापणारं मशीन तिथेच उभं राहतं.